सुभेदारांनी ऐकलेली नऊ गाणी

समोरच्यानं बोलायला सुरुवात केली की सुभेदार उजवा हात वर करायचे. पंजा उघडा, बोटं जुळलेली, चौकातला पोलीस गाडी थांबवतो तसा. मग मान जराशी फिरवून उजवा कान पुढं आणायचे आणि म्हणायचे, "आधी ऐकू, मग बोलू."

हे वाक्य ज्या माणसाच्या तोंडी होतं त्याला डाव्या कानानं जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं आणि उजव्यानं अर्धंमुर्धं. बरीच वर्षं तोफखान्यात काढून मग कुंडलला ऊस करत बसलेला माणूस. निवृत्त झाले ते नायब सुभेदार म्हणून, पण त्यातलं 'नायब' गावानंच परस्पर काढून टाकलं होतं.

मी सांगलीत कानाची तपासणी करते आणि श्रवणयंत्रं बसवते. तुमच्या घरात कुणी वयस्क असेल तर या कामातली पहिली अडचण तुम्हाला ठाऊक असणार. माझ्याकडे येणारे निम्मे पेशंट खुर्चीत बसल्या बसल्या सांगतात की मला सगळं ऐकू येतं, हल्ली लोकच पुटपुटतात. तपासणीतही ही मंडळी लबाडी करतात. आवाजबंद खोलीत बसवून, कानावर हेडफोन चढवून, आम्ही त्यांच्या हातात एक बटण देतो. बारीकसा आवाज आला की ते दाबायचं. हे आपले आवाज येवो न येवो, दाबत राहतात. नापास व्हायची भीती सत्तरीतही जात नाही.

सुभेदार पहिल्यांदा आले ते बायकोनं, म्हणजे काकींनी, ओढून आणलं म्हणून. त्यांची तपासणी वीस मिनिटांऐवजी तासभर चालली, कारण ते बटणच दाबेनात. मला वाटलं, बटण बिघडलं. दार उघडून विचारलं तर म्हणाले, "आल्यासारखं वाटतंय, पर खात्री न्हाई. खात्री झाल्याबिगर मी दाबायचा न्हाई. आमच्या कामात अंदाजानं बोट हलवलं तर माणसं मरत्यात."

इतका प्रामाणिक आलेख मी त्याआधी काढला नव्हता. ढोल, इंजिन, म्हशीचं हंबरणं असल्या जाड आवाजांपाशी रेघ ठीक होती. बारीक, उंच आवाजांकडे येता येता ती कड्यावरून कोसळल्यासारखी खाली गेली होती. बायकांचे, पोरांचे आवाज सगळे त्या कड्याच्या पलीकडे. मी यंत्र सुचवलं. त्यांनी हात वर केला, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ऊस काय बोलत न्हाई मॅडम. आन् हिला काय म्हणायचंय ते मला तोंडाकडं बघून कळतंय."

काकी त्या वेळी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या.

त्यानंतर चार वर्षं ते दिसले नाहीत. मग एका शनिवारी दुपारी एकटेच आले. खांद्याला कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी एक सीडी काढली आणि माझ्या टेबलावर दोन्ही हातांनी ठेवली. वेष्टनावर जळतं शहर, मधोमध एक उंच मनोरा, मनोऱ्यावर केस मोकळे सोडलेली बाई. अक्षरं अशी टोकदार की हात लावला तर रक्त येईल.

"मला हे ऐकायचंय," ते म्हणाले. "ह्याच्यासाठी मशीन द्या."

मला वाटलं नातवाचं काहीतरी असेल. त्यांनी नीट बसून सगळी हकिगत सांगितली. मुलगा पुण्यात नोकरीला. त्यानं साताऱ्याची एक मुलगी पसंत केली होती. दिवाळीनंतर ती आईवडिलांबरोबर कुंडलला आली. सुभेदारांच्या घरात शब्द चालायचा तो थोरल्या भावाचा, दादांचा. दादांनी विचारलं, काय करता. मुलगी म्हणाली, कंपनीत आहे, आणि एका बँडमध्ये गाते. आमचा अल्बम निघालाय. या गाण्यांना पॉवर मेटल म्हणतात. कुणीतरी लगेच मोबाइलवर लावलं. दादांनी अर्धं मिनिट ऐकलं आणि म्हणाले, लग्नानंतर हे आरडणं बंद. आणि सुभेदारांचा मुलगा घाईघाईनं म्हणाला, "करंल की बंद."

"त्या पोरीनं चहाचा कप खाली ठिवला," सुभेदार सांगत होते. "म्हणाली, मी बंद करणार नाही. माझ्याबद्दल काही ठरवायच्या आधी एकदा सगळं ऐका तरी. आन् पर्समधनं ही सीडी काढून दिली. दादांच्या हातात न्हाई. माझ्या."

"तुम्हाला राग नाही आला?"

"राग कशाचा? जे मी जन्मभर लोकांस्नी सांगत आलो, तेच ती मला म्हणाली."

त्यांनी दादांना सांगून टाकलं होतं की ऊस कारखान्याला गेला की बसू, तोवर मला ऐकू द्या. घरात सीडी लावायला काही नव्हतं. मुलाकडून गाणी पेनड्राइव्हवर घेतली आणि ट्रॅक्टरवर लावली. आमच्याकडे ट्रॅक्टरला स्पीकर असतातच, ते काही सांगायला नको. रोज दुपारी बांधावर ट्रॅक्टर उभा करायचा, इंजिन बंद करायचं आणि चाकाजवळच्या पत्र्यावर बसून नऊच्या नऊ गाणी ऐकायची. दुसऱ्या दिवशी शेजारच्या रानातला माणूस पळत आला. त्याला ते ड्रम ऐकून वाटलं, सुभेदारांच्या ट्रॅक्टरचं इंजिन गेलं. तिसऱ्या दिवशी त्यानं पलूसहून मिस्त्री बोलावला. मिस्त्री आला, पाच मिनिटं कान देऊन उभा राहिला आणि म्हणाला, "न्हाई, इंजिन एवढं एकसारखं बिघडत न्हाई."

"वीस-बावीस दिवस ऐकलं," सुभेदार म्हणाले. "पर मॅडम, ह्यात गाणं कुठाय? नुसता घोडा पळतोय. पोरगी कुठंच न्हाई."

मी सीडी कॉम्प्युटरला लावली. आता माझं सांगते. मी मिरजेला बाईंकडे दहा वर्षं गाणं शिकले. तंबोऱ्याच्या दोन तारा जुळायला अर्धा तास लागला तरी चालेल, अशा घरात वाढले. पहिलं गाणं सुरू झालं आणि दोन्ही पायांनी वाजवलेले ते ड्रम माझ्या छातीवरून गेले. त्यावर गिटारी, त्यावर ऑर्गनसारखं काहीतरी, आणि सगळ्याच्या वर ती मुलगी, इतक्या उंच आणि इतक्या जोरात की मी घाईनं आवाज कमी केला. मुलगी होती, चांगली ठसठशीत होती. फक्त ती त्या कड्याच्या पलीकडे गात होती.

"सुभेदार, खरं सांगू?" मी म्हणाले. "ऐकू येत नाही तेच बरं आहे."

त्यांनी हात वर केला. मीही दादांसारखंच अर्धं मिनिट ऐकलं होतं, हे माझ्या ध्यानात आलं आणि मी कॉम्प्युटरकडे बघत राहिले.

यंत्र बसवलं. बहुतेक लोकांना पहिल्या दिवशी पाखरांचे आवाज येतात, नळाचं पाणी ऐकू येतं, आणि ते हरखून जातात. सुभेदारांनी पाखरांकडे दुर्लक्ष केलं आणि पहिलं गाणं लावायला सांगितलं. डोळे मिटून ऐकलं.

"कोणतरी लांबनं हाक मारतंय," ते म्हणाले. "आन् मधीच कोणतरी तिच्या तोंडावर हात ठेवतंय."

हे त्यांनी अगदी बरोबर सांगितलं होतं. श्रवणयंत्र माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेलं असतं. लांब ताणलेला उंच सूर आला की त्याला वाटतं, आपलीच शिट्टी वाजतेय, आणि ते तो सूर दाबून टाकतं. त्या मुलीचं सगळं गाणं म्हणजे लांब ताणलेले उंच सूर. मला यंत्राच्या एकेक सवयी बंद करत जावं लागलं. एक बंद करायची, गाणं लावायचं, विचारायचं. दुसरी बंद करायची, पुन्हा गाणं. वर त्यांच्या उरल्यासुरल्या कानाला धक्का बसू नये, तेही बघायचं. दर शनिवारी दुपारी ते यायचे आणि आम्ही दोघं शाळेतल्या मुलांसारखे एकाच गाण्यावर बसायचो.

एखादं गाणं तीस-पस्तीस वेळा ऐकलं की त्याच्याशी भांडण उरत नाही. तिसऱ्या शनिवारी मला पहिल्यांदा जाणवलं की वरचा ड्रमचा धडाका कितीही वेगात असला तरी खालची चाल संथ आहे. मुलगी घाईत नाहीच. ती त्या पळणाऱ्या घोड्यावर अगदी सावकाश, एकेक शब्द ठेवत गात होती. चौथ्या शनिवारी दोन गिटारी ऐकू आल्या, एकीच्या पावलावर दुसरी नव्हे, तर बरोबरीनं, एक खालच्या पायरीवरून आणि एक वरच्या. मी सुभेदारांना हे सांगितलं. ते म्हणाले, "दोन व्हय? मला एकच वाटत हुती." पुढचा अर्धा तास आम्ही दुसरी गिटार शोधण्यात घालवला. सापडली तेव्हा त्यांनी माझ्या टेबलावर हलकेच बोट आपटलं. खात्री झाली होती.

त्या आठवड्यात मी भाजी निवडताना त्या गाण्याचं ध्रुवपद गुणगुणत होते. घरात कुणी ऐकलं नाही ना, म्हणून मागं वळून पाहिलं.

मग त्यांना अर्थ हवा झाला. गाणी इंग्रजी. सीडीतल्या पुस्तिकेवरून मी एकेक ओळ मराठीत लिहून दिली. नऊ गाण्यांची मिळून एकच गोष्ट होती. समुद्राकाठचं एक शहर, त्याला वेढा पडलेला, आणि मनोऱ्यावर घंटा वाजवणारी एक बाई. शहरातले सगळे पळून जातात, ती राहते. सुभेदार तो कागद घडी करून खिशात ठेवायचे आणि पुढच्या शनिवारी त्यावर पेन्सिलीनं शेरे मारून आणायचे. पाचव्या गाण्यात तोफांचा मारा होता. तिथं त्यांनी जाड रेघ ओढली होती.

"हे चुकलंय," ते म्हणाले. "तोफ उडाली की लगीच ती गाती. तसं हुत न्हाई. तोफ उडाल्यावर थोडा येळ कुणालाच काय ऐकू येत न्हाई. नुसतं कानात सूं सूं. तिनं तिथं थांबाय पायजे."

"तुमचे कान असेच गेले?"

"असंच. कानात कापूस घालायचा असतोय. पर कापूस घातला की हुकूम नीट ऐकू येत न्हाई. पोरं नवी हुती, माझ्या तोंडाकडं बघून कामं करायची. मी हुकूम चुकीचा ऐकला असता तर त्यांचं काय?" त्यांनी कागदाची घडी घातली. "मग मी कापूस काढला. बाकीच्यांच्या कानात हुता, तसं काय न्हाई."

इतकंच. पुन्हा कधी हा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही.

आठवं गाणं संथ होतं, नुसता पियानो आणि आवाज. त्यातला पियानो त्यांना यंत्राशिवायही थोडाफार ऐकू यायचा. मला सगळ्यात आधी आवडलं ते तेच, आणि वाटलं, यांनाही तेच आवडणार. पण ते त्यांना मुळीच पसंत पडलं नाही. "हे असलं सगळीच गात्यात," ते म्हणाले. "हिला ह्यात काय जोर लागतोय?" तिसरं गाणं तर त्यांना पाचकळच वाटलं.

पौषात एका शनिवारी ती मुलगीच माझ्याकडे आली. सुभेदारांनी फोन करून बोलावलं होतं. नाव केतकी. बारीक चणीची, चष्मा लावणारी, साध्या पंजाबी ड्रेसमधली मुलगी. एवढा आवाज हिच्यात कुठे राहतो, असं मला झालं. ती भेदरलेली दिसत होती. निकाल आज लागणार, अशा तयारीनं आली होती.

सुभेदारांनी तिच्यापुढं कागद ठेवला. "तिसरं वाईट हाय."

ती कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मलाही नाही आवडत. बाकीच्यांनी हट्ट केला."

"आठवंबी वाईट हाय."

"आठवं सगळ्यांना आवडतं."

"व्हय, म्हणूनच."

ती हसली. मग त्यांनी तोफेचं सांगितलं. तिनं वाद घातला. गाण्यात तिथं थांबलं तर लय तुटते, म्हणाली. त्यांनी हात वर करून ते ऐकून घेतलं, मग पुन्हा आपलंच सांगितलं. अर्धा तास ती दोघं एका खोट्या शहराच्या खऱ्या तोफांवर भांडत होती, आणि मी मधे चहा आणून ठेवला तो दोघांनीही निवू दिला.

शेवटी त्यांनी विचारलं, "मला एक सांग. तू एवढं वर कशापायी जातीस? जरा खालनं गाता येत न्हाई?"

हा प्रश्न तिला बहुधा बऱ्याच लोकांनी चिडवून विचारलेला असावा. तिनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं, त्यांना खरंच जाणून घ्यायचंय का ते. मग सांगितलं. "खालून गायले तर ड्रम आणि गिटारींत बुडून जाते, बाबा. तिथं सगळी गर्दी असते. वर कुणी नसतं. वर गेलं की कितीही गोंगाट असला तरी त्याच्यावरून आवाज जातो. मागं उभ्या असलेल्यापर्यंत."

सुभेदार माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, तोफांच्या रांगेत हुकूम देणारा कसा वरडतो ठाव हाय? जाड आवाजात न्हाई. जाड आवाज तोफेत जातोय. तो असा आवाज चढवतो, बारीक करतो, बाईमाणसागत. नवी पोरं हसायची. पर शेवटच्या तोफंवर ऐकू जातोय तो तेवढाच." आणि तिला म्हणाले, "पैलं गाणं लावू का?"

पहिलं गाणं आम्ही तिघांनी बसून ऐकलं. आता ते शिट्टी दाबणारं सगळं बंद केलेलं होतं, यंत्र सुरळीत होतं. तिचा आवाज चढला तशी सुभेदारांची पाठ ताठ झाली. मला त्या दिवशी ते गाणं पूर्णपणे आवडलं. कानाला सवय झाली म्हणून नव्हे. ती मुलगी शेवटच्या माणसापर्यंत पोचायला गातेय, हे आधी ठाऊक नव्हतं, ते आता झालं.

बैठकीची हकिगत मला काकींनी सांगितली. त्या नंतर खास तेवढ्यासाठी आल्या होत्या, असं मला अजूनही वाटतं.

"सगळी जमली हुती," काकी म्हणाल्या. "दादाभावजींनी तेच काढलं पुन्यांदा, गाणं बंद म्हणून. हे उठून उभं ऱ्हायलं. म्हणालं, मी नऊच्या नऊ गाणी तीन महिनं ऐकली. दोन वाईट हायत, एक बरं हाय, सा चांगली हायत. दादा, तुमी किती ऐकली? भावजी काय बोलंनात. मग हे पोराकडं वळलं. तू सगळी ऐकलीस का रं? तर आमचं येडं खाली मान घालून बसलं. त्यानंबी धड ऐकली नव्हती, बघा. दोन-तीनच. ह्येंनी इचारलं, मग कुणाच्या जिवावर सांगितलंस, ती बंद करंल म्हणून?"

"मग?"

"मग काय. पोरगी समोर बसल्याली. पोरग्याला घाम फुटला. तिच्यासमोरच म्हणाला, चुकलं माझं. तवा हे म्हणालं, दादा, घाई न्हाई. तुमीबी ऐका सगळी. ट्रॅक्टर दारातच हाय. लग्न पुढच्या सालाला धरू. भावजी म्हणालं, नको, याच सालाला धरा."

काकी हे सांगताना पदरात तोंड लपवून हसत होत्या. मग एकदम गंभीर झाल्या. "पस्तीस वर्सं झाली लग्नाला. दादाभावजींपुढं ह्ये कधी उभं ऱ्हायलं नव्हतं."

लग्न झालं. केतकी पुण्यातच राहिली, गात राहिली. सुभेदार तिच्या एका कार्यक्रमाला पुण्याला गेले. काळ्या टीशर्टातल्या शेदोनशे पोरांत हे एकटे पांढऱ्या शर्टात. जाताना मी बजावलं होतं की आत गेल्यावर यंत्रं काढून ठेवा, कानात बोळे घाला, हट्ट करू नका. पुढच्या शनिवारी तक्रार घेऊन हजर झाले. "तुमचं ऐकलं, मशीन खिशात ठिवलं, कानात बोळं घातलं. तरी समदं ऐकू आलं. मग हे मशीन घिऊन उपयोग काय?" आणि स्वतःच हसले. पोरांनी त्यांना पुढं नेऊन खुर्ची दिली होती, ती त्यांनी घेतली नाही. मागं भिंतीला टेकून उभे राहिले. आवाज तिथपर्यंत येतो का, ते बघायचं होतं म्हणे.

"आला?"

"आला की."

त्यानंतर वर्षातून दोनदा ते तपासणीला यायचे. कान आणखी उतरत होते, मी यंत्र आणखी चढवत होते. येताना घरचा गूळ आणायचे. केतकीच्या नव्या गाण्याचं काही कच्चं रेकॉर्डिंग आलं की तेही आणायचे आणि आम्ही ते बसून ऐकायचो. मीही आता मत द्यायला लागले होते. मिरजेहून परत येताना गाडीत मी तो जुना अल्बम लावायचे, काचा वर करून, आणि सहाव्या गाण्याला माझ्याही नकळत जोरात गायचे. बाईंनी ऐकलं असतं तर दहा वर्षांचं गाणं परत मागितलं असतं.

एकदा ते म्हणाले, "मॅडम, मला वाटायचं माणसाला एखादी गोष्ट आवडती न्हाईतर न्हाई आवडत. तसं न्हाई. आवडाय शिकाय लागतंय." मी ते कुठं लिहून ठेवलं नाही. पण राहिलं.

यंदाच्या हिवाळ्यात ते गेले. सकाळी रानात उसाला पाणी देऊन आले, ओट्यावर बसले आणि तिथंच कलंडले. मला दोन आठवड्यांनी कळलं, केतकी आली तेव्हा. ती त्यांची दोन्ही यंत्रं डबीत घालून घेऊन आली होती. कुणाला उपयोगी पडत असतील तर द्या, असं काकींनी सांगितलं होतं. मी डबी घेतली. त्यांच्याबद्दल बोलायला बसलो तर हात वर करून आधी ऐकून घेणारं कुणी नव्हतं.

तिनंच विचारलं, "त्यांना नेमकं कसं ऐकू यायचं? म्हणजे हे बसवायच्या आधी."

घरच्यांना समजावं म्हणून आमच्याकडे एक सोय असते. पेशंटचा आलेख कॉम्प्युटरला दिला की कुठलाही आवाज त्या माणसाला कसा ऐकू येत असेल, ते साधारणपणे ऐकवता येतं. मी सुभेदारांचा सगळ्यात जुना आलेख काढला, एक तास लागलेला. तिला आवाजबंद खोलीत बसवलं, हेडफोन दिले आणि तिच्या अल्बमचं पहिलं गाणं लावलं.

काचेतून ती मला दिसत होती. सुरुवातीला तिची मान ड्रमबरोबर हलली. तिच्या आवाजाची जागा जवळ आली तसे तिचे ओठ हलायला लागले. ती गात होती, आवाज न काढता, एकेक शब्द. मग ओठ थांबले. तिनं हेडफोन कानावर घट्ट दाबून धरले. पुन्हा ध्रुवपद आलं, पुन्हा गेलं. गाणं संपेपर्यंत ती तशीच बसून होती.

मी दार उघडलं.

"मी यात नाहीच आहे," ती म्हणाली.

"नाही."

"हे त्यांनी किती दिवस ऐकलं?"

"माझ्याकडे यायच्या आधी वीस-बावीस दिवस. रोज, सगळी गाणी."

चष्मा काढून तिनं ओढणीनं पुसला, पुन्हा लावला. मग हेडफोन सारखे केले आणि म्हणाली, "पुढची पण लावाल?"

बाहेर दोन पेशंट थांबले होते. मी त्यांना तासभर लागेल म्हणून सांगून आले, दुसरं गाणं लावलं आणि तिच्या खोलीचं दार हलकेच ओढून घेतलं.